शालेय पाठ्यपुस्तकांतील राष्ट्रीय इतिहास : निष्कर्ष, वगळणूक आणि साधनांचा प्रश्न

प्रस्तावना

शालेय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांविषयीचा वाद भारतात नवा नाही. केंद्रात किंवा राज्यात सत्तांतर झाले की पाठ्यपुस्तकांचा प्रश्न पुढे येतो, पत्रके निघतात, समित्या नेमल्या जातात, काही पाने गळतात आणि काही नव्याने जोडली जातात. या वादाचे स्वरूप बहुधा ‘खरे की खोटे’ असे असते. एका बाजूच्या मते आधीची पुस्तके खोटी असतात, दुसऱ्या बाजूच्या मते नंतरची. तथापि ही पुस्तके बारकाईने वाचली असता असे दिसते की, उघड असत्य विधाने त्यांत तुलनेने थोडी असतात आणि ती निदर्शनास आणून दिल्यास पुष्कळदा दुरुस्तही होतात. विपर्यास घडतो तो अन्य मार्गांनी. काय वगळले, कोणाला वाक्याचा कर्ता केले, कथन कोठे थांबवले, आणि मुख्य म्हणजे विधान ज्या पुराव्यावर उभे आहे तो पुरावा विद्यार्थ्यासमोर ठेवला की नाही, यांवर तो अवलंबून असतो.

पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला निकाल सांगते, पुरावा दाखवत नाही. आणि पुरावा दाखवलेला नसल्यामुळेच निकाल बदलणे कोणत्याही सत्तेला सोपे जाते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी राष्ट्रीय स्तरावरील पाठ्यपुस्तके आणि महाराष्ट्रातील ‘बालभारती’ची पुस्तके यांतील काही निवडक स्थळांचा येथे विचार केला आहे.

पाठ्यपुस्तकाचे अधिकारस्थान

इतिहासकाराचा ग्रंथ आणि क्रमिक पुस्तक यांत मूलभूत फरक आहे. ग्रंथाला प्रतिग्रंथाने उत्तर देता येते. त्याचा वाचक तो स्वेच्छेने निवडतो आणि न पटल्यास बाजूला ठेवतो. क्रमिक पुस्तकाच्या वाचकाला ही मोकळीक नसते. त्यातील विधान नाकारणे म्हणजे गुण गमावणे होय. असंख्य कुटुंबांत इतिहासाचे म्हणून जे एकमेव पुस्तक येते ते शाळेचे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजेच एन.सी.ई.आर.टी., १९६१ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे अस्तित्वात आले. अल्प किमतीत एकसमान व प्रमाण पुस्तक देण्याचे मोठे कार्य या संस्थांनी केले, हे निर्विवाद आहे. परंतु एकच पुस्तक सर्वांना देण्याची सोय ही एकच कथन सर्वांना देण्याचीही सोय ठरली.

या सोयीचा उपयोग सर्व विचारांच्या राजवटींनी केला आहे. १९७७ मध्ये केंद्रात सत्तांतर झाल्यावर काही इतिहासग्रंथांविरुद्ध एक निनावी टिपण पंतप्रधानांकडे गेले आणि १९७८ मध्ये रामशरण शर्मा यांचे ‘प्राचीन भारत’ हे पुस्तक अभ्यासक्रमातून मागे घेण्यात आले. २००१ मध्ये प्रचलित पुस्तकांतील काही उतारे वगळण्याचा आदेश निघाला. २००० च्या अभ्यासक्रम आराखड्याला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये मान्यता दिल्यानंतर नवी पुस्तके आली. भारतीय इतिहास परिषदेने २००३ मध्ये या पुस्तकांतील चुकांची सूचीच प्रसिद्ध केली. २००४ नंतर ती पुस्तके गेली आणि २००५ च्या आराखड्यानुसार २००६ ते २००८ या काळात आणखी नवी पुस्तके तयार झाली. २०१२ मध्ये एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाल्यावर त्या वेळच्या सरकारनेही राज्यशास्त्राच्या पुस्तकातील ते व्यंगचित्र मागे घेण्याची भूमिका घेतली. त्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी तेव्हा राजीनामे दिले. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याच्या कारणास्तव अनेक प्रकरणे गळाली, आणि २०२४ पासून २०२३ च्या आराखड्यावर आधारलेली पुस्तके टप्प्याटप्प्याने येऊ लागली.

या साऱ्या फेरबदलांत समान सूत्र असे की, प्रत्येक वेळी एका निष्कर्षाच्या जागी दुसरा निष्कर्ष बसवला गेला, किंवा असलेला काढून जागा रिकामी ठेवली गेली. १९६० आणि १९७० च्या दशकांतील पुस्तके नामवंत विद्वानांनी लिहिलेली होती. जेम्स मिल याने १८१७ मध्ये रूढ केलेली हिंदू, मुस्लीम आणि ब्रिटिश अशी कालविभागणी त्यांनी मोडून काढली, हे त्यांचे मोठे श्रेय. पण त्यांचीही रीत सिद्धनिर्णय सांगण्याचीच होती. दक्षिण भारत आणि ईशान्य भारत यांना त्यांत अपुरे स्थान मिळाले. विद्वानाने सांगितलेला निर्णय आणि अविद्वानाने सांगितलेला निर्णय यांत फरक असतोच. परंतु तो ओळखण्याचे कोणतेही साधन त्या पुस्तकांनी विद्यार्थ्याच्या हाती दिले नव्हते.

वगळणूक : कारणाविना घटना

वगळणूक हा विपर्यासाचा सर्वांत सोयीस्कर प्रकार होय, कारण वगळलेली गोष्ट चूक म्हणून दाखवता येत नाही. महात्मा गांधींच्या हत्येचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००२ मध्ये इयत्ता नववीसाठी निघालेल्या समकालीन भारतावरील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत या हत्येचा उल्लेखच नव्हता. टीका झाल्यावर पुढील मुद्रणात तो आला. त्यानंतर वीस वर्षांनी प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षासाठीच्या बारावीच्या पुस्तकांत हत्येचा उल्लेख राहिला. मात्र गांधींचा हिंदू-मुस्लीम ऐक्याचा आग्रह कोणाला खुपत होता, मारेकरी कोणत्या विचारांच्या वर्तुळातील होता आणि हत्येनंतर शासनाने कोणती पावले उचलली, यांविषयीची वाक्ये काढण्यात आली. परिषदेने वगळलेल्या मजकुराची यादी जाहीर केली होती, तीत या वाक्यांचा समावेश नव्हता. हे अनवधानाने घडले असावे, असा खुलासा नंतर करण्यात आला.

या दोन वगळणुकींची तुलना केली असता दुसरी अधिक गंभीर ठरते. पहिलीत घटनाच नव्हती, त्यामुळे ती कोणाच्याही लक्षात येण्याजोगी होती. दुसरीत घटना आहे, तारीख आहे, नाव आहे. नाही ते कारण. ३० जानेवारी १९४८ ही तारीख पाठ करणारा विद्यार्थी हत्येचा हेतू जाणत नसेल, तर त्याच्याजवळ सनावळी आहे, इतिहास नाही.

मोगल इतिहासाच्या वगळणुकीविषयीची चर्चाही पुष्कळ अंशी दिशाहीन झाली. २०२२ मध्ये बारावीच्या इतिहासातून मोगल दरबारावरील प्रकरण निघाले, तेव्हा मोगलच अभ्यासक्रमातून नाहीसे झाले अशी हाकाटी झाली. वस्तुतः मोगलकालीन शेतकरी, जमीनदार आणि राज्यसंस्था यांवरील प्रकरण त्याच पुस्तकात कायम होते. नेमके काय गेले, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. गळालेले प्रकरण केवळ बादशहांच्या वैभवाचे नव्हते. ‘अकबरनामा’, ‘बादशाहनामा’ यांसारखे दरबारी इतिहास कसे लिहिले जात, कोणासाठी लिहिले जात, त्यांतील चित्रे काय सुचवतात आणि म्हणून ते वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी, हा त्याचा गाभा होता. म्हणजेच दरबारी साधन चिकित्सेने वाचण्याचा धडाच गेला. सभासदाची किंवा चिटणिसाची बखर अभ्यासणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो तितकाच उपयोगी पडला असता.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये सातवीचे नवे पुस्तक आले. मराठ्यांच्या इतिहासाला केंद्रस्थान देताना त्यात मोगल आणि त्यापूर्वीच्या दिल्लीच्या सत्तांचा भाग बराच आक्रसला. प्रादेशिक इतिहासाला अधिक जागा मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे. राष्ट्रीय पुस्तकांनी मराठ्यांची दीर्घकाळ उपेक्षा केली, या तक्रारीतही तथ्य आहे. परंतु प्रतिपक्ष अस्पष्ट झाला की नायकही अस्पष्ट होतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली. मनसबदारी म्हणजे काय, मिर्झाराजा जयसिंग हा रजपूत सेनापती बादशहाच्या सेवेत का होता आणि दक्षिणेकडे मोगलांचे लक्ष का वळले, हे ज्याला ठाऊक नाही त्याला या तहातील माघार कळत नाही, आणि त्यानंतरच्या उभारणीचे मोलही कळत नाही. मलिक अंबरची जमीनमहसूल पद्धत वगळून स्वराज्यातील महसुली व्यवस्थेचे आकलन अपुरे राहते. गौरवासाठी केलेली काटछाट येथे गौरवालाच उणेपण आणते.

कर्ता आणि नकाशा

पाठ्यपुस्तकाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘मोगलांनी’, ‘मराठ्यांनी’, ‘इंग्रजांनी’ अशी समूहवाचक कर्तेपदे त्यांत सर्रास येतात. अशा वाक्यात समूह एकजिनसी होतो आणि त्यातील माणसे लोप पावतात. याउलट जेथे जबाबदारी निश्चित करणे अडचणीचे असते तेथे कर्ताच नाहीसा होतो. दंगली ‘उसळतात’, दुष्काळ ‘पडतात’, सत्ता ‘लयाला जातात’. कर्ता कोठे ठेवावा आणि कोठे लपवावा, याचा निर्णय व्याकरणाचा दिसतो, पण तो इतिहासाचा असतो.

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपताचे वर्णन दोन धर्मांतील युद्ध म्हणून केले, तर मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढला आणि त्यासाठी त्याने प्राण दिला, ही गोष्ट अपवाद म्हणून सांगावी लागते. १७९१ मध्ये तिसऱ्या म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्यासोबतच्या लुटारूंनी शृंगेरी मठाची लूट केली. टिपू सुलतानाने मठाच्या स्वामींना पत्रे लिहून मदत पाठवली. ती पत्रे १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी उजेडात आणली. याच टिपूने कूर्ग आणि मलबारमध्ये केलेली दडपशाहीही कागदोपत्री नोंदलेली आहे. केवळ देशभक्त टिपू किंवा केवळ धर्मांध टिपू, अशा दोन्ही चित्रांना ही पत्रे आणि त्या नोंदी एकत्र ठेवल्या असता तडा जातो. म्हणूनच दोन्ही प्रकारच्या पुस्तकांना त्या एकत्र ठेवणे गैरसोयीचे वाटते.

बंगालचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक अस्वस्थ करणारे आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. महाराष्ट्रात त्या मराठी सत्तेच्या विस्ताराचा टप्पा म्हणून शिकवल्या जातात. बंगालमध्ये ‘बर्गी’ हा शब्द आजही मुलांना झोपवताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यात भीतीची खूण म्हणून टिकून आहे, आणि गंगाराम या समकालीन बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्या लुटीचे वर्णन केले आहे. एकाच राष्ट्राच्या दोन प्रांतांत एकाच घटनेच्या दोन स्मृती आहेत. दोन्ही शेजारी मांडणे हाच खरा राष्ट्रीय इतिहास होय. परंतु राष्ट्रीय इतिहास म्हणजे एकमुखी इतिहास, असे गृहीत धरल्यामुळे दोन्ही प्रांतांतील मुले अर्ध्या गोष्टीवर समाधान मानतात.

नकाशाच्या बाबतीत हेच घडते. २०२५ मध्ये आलेल्या आठवीच्या राष्ट्रीय पुस्तकात मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु त्यातील नकाशात जैसलमेर मराठा सत्तेखाली दाखवल्यावर राजस्थानातून आक्षेप आले आणि परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. हा वाद अभिमानाच्या पातळीवर लढला गेला, वास्तविक तो संकल्पनेचा होता. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून आणलेल्या सनदांत स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी असे तीन निरनिराळे हक्क होते. प्रत्यक्ष राज्य, चौथ वसुलीचा प्रदेश आणि केवळ मोहिमेच्या वाटेवरील मुलूख यांतील भेद मराठी कागदपत्रांनी काटेकोरपणे जपला आहे. एका रंगाने भरलेला नकाशा तो भेद पुसतो. मराठ्यांची राज्यकल्पना समजून घेण्यासाठी जी परिभाषा खुद्द मराठ्यांनी तयार केली, तीच त्यांच्या गौरवार्थ काढलेल्या नकाशात सापडू नये, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

कथन कोठे थांबते : मराठवाड्याचे उदाहरण

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, हे विधान सत्य आहे. तथापि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या तत्कालीन जिल्ह्यांच्या बाबतीत ते अपूर्ण आहे. तेथे निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होती. गोव्यासाठी ही तारीख १९ डिसेंबर १९६१ आहे. ‘बालभारती’च्या आठवीच्या पुस्तकाने स्वातंत्र्यलढ्याच्या परिपूर्तीवर स्वतंत्र प्रकरण देऊन हैदराबाद मुक्तिसंग्राम, मराठवाड्याचे योगदान आणि गोवा मुक्तिलढा यांना स्थान दिले, ही त्या पुस्तकाची मोठी जमेची बाजू होय. स्वामी रामानंद तीर्थ यांचे नेतृत्व, रझाकारांचे अत्याचार आणि सामान्य स्त्रीपुरुषांचे धैर्य या गोष्टी विद्यार्थ्यांना कळणे आवश्यकच आहे.

प्रश्न आहे तो कथन कोठे थांबते याचा. १३ सप्टेंबरला सुरू झालेली लष्करी कारवाई निजामाच्या शरणागतीने संपते आणि शालेय कथनही तेथेच विराम घेते. त्यानंतरच्या आठवड्यांत हैदराबाद संस्थानात मुस्लीम वस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर हल्ले झाले. केंद्र शासनाने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी, असा त्या समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे बीदर व गुलबर्ग्यासोबत घेतली. शासनाने हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांना तो अनेक दशकांनंतरच मोकळेपणाने पाहता आला.

रझाकारांनी जाळलेल्या गावाचा इतिहास सांगणे आणि कारवाईनंतर जळालेल्या गावाचा इतिहास सांगणे, यांत कोणताही अंतर्विरोध नाही. एकाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही आणि मुक्तिसंग्रामाचे मोलही घटत नाही. तरीही पहिला सांगितला जातो, दुसरा सांगितला जात नाही. आज धाराशिव किंवा नांदेड जिल्ह्यातील एकाच वर्गात दोन्ही प्रकारच्या कुटुंबांतील मुले शेजारी बसतात. त्यांपैकी एकाच्या घरातील स्मृतीला पुस्तकात स्थान आहे, दुसऱ्याची स्मृती घराबाहेर पडत नाही. पुस्तकाने न सांगितलेली गोष्ट नाहीशी होत नाही. ती कुजबुजीत राहते, आणि कुजबुजीतला इतिहास पडताळून पाहण्याची सोय कोणालाच नसते. इतिहासाध्यापनाच्या दृष्टीने हा धोका कोणत्याही मुद्रणदोषापेक्षा मोठा आहे.

साधनांचा प्रश्न

वरील सर्व उदाहरणांच्या मुळाशी एकच उणीव आहे. विद्यार्थ्याला साधन दाखवलेच जात नाही. महाराष्ट्राच्या संदर्भात ही उणीव विशेष खटकते, कारण आधुनिक मराठी इतिहासलेखनाचा पायाच साधनांच्या आग्रहावर घातला गेला. ग्रँट डफ याचा मराठ्यांवरील इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याची चिकित्सा केली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. परकीयाने दिलेल्या निष्कर्षाला या परंपरेने प्रतिनिष्कर्षाने नव्हे, तर कागदाने उत्तर दिले. राजवाड्यांची काही अनुमाने पुढे टिकली नाहीत, पण त्यांनी छापलेली पत्रे टिकली. आणि त्याच पत्रांच्या आधारे त्यांची अनुमाने तपासता आली. ज्या परंपरेचे हे वैशिष्ट्य, तिच्याच प्रदेशातील शालेय पुस्तकात मूळ पत्र सहसा आढळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘बालभारती’च्या अलीकडील पुस्तकांत भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांची माहिती दिली जाते. २०१८ पासूनच्या दहावीच्या पुस्तकात तर इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. हा बदल निश्चितच प्रागतिक आहे. तथापि साधनांचे वर्गीकरण शिकणे निराळे आणि साधन वाचणे निराळे. ताम्रपट कोणत्या वर्गात मोडतो, हे एका गुणाचे उत्तर झाले. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, हा पर्यायी प्रश्न झाला. इतिहासाची पद्धतीही अशा रीतीने पाठांतराचीच बाब होते. पहिल्या प्रकरणात साधनांचे महत्त्व सांगायचे आणि पुढील सर्व प्रकरणे साधनांविना लिहायची, यातून विद्यार्थी इतकेच शिकतो की पुरावा ही प्रस्तावनेत सांगण्याची गोष्ट आहे.

साधनातून शिकवणे शालेय वयात शक्य आहे काय, या शंकेचे उत्तर एका परिचित उदाहरणातून देता येईल. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयी दोन मते होती. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया आढळली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तिलाच पुष्टी दिली. अभ्यासकांत प्रदीर्घ चर्चा झाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. विद्यार्थ्याला यांतील केवळ शेवटची तारीख मिळते. ती तारीख कशी निश्चित झाली, उत्तरकालीन बखरीपेक्षा जुन्या नोंदीला अधिक वजन का दिले आणि दोन स्वतंत्र साधने एकच तिथी देतात तेव्हा काय सिद्ध होते, हे सांगायला दोन पाने पुरेशी आहेत. सातवीतील मुलाला ते समजण्यास कोणतीही अडचण नाही. शिवाय ज्या महापुरुषाविषयी त्याला अपार आदर आहे त्याच्याच संदर्भात तो प्रश्न विचारण्याची रीत शिकेल. आदर आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हा संस्कार याहून चांगल्या प्रकारे होणे कठीण.

२००६ ते २००८ मधील राष्ट्रीय पुस्तकांनी या दिशेने प्रयत्न केला होता. नीलाद्री भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या त्या पुस्तकांत मूळ उतारे, चित्रे आणि त्यांवरील प्रश्न यांना मध्यवर्ती स्थान होते. त्यांतही दोष होते. प्रकरणे लांबलेली होती, कालक्रम अनेकदा विस्कळीत वाटे आणि साध्या शाळेतील शिक्षकाला ती पेलण्यासाठी आवश्यक असलेले प्रशिक्षण पुरेसे मिळाले नाही. परीक्षा जुन्याच वळणाची राहिल्याने उताऱ्यांच्या चौकटी वाचल्याविनाही गुण मिळत राहिले. त्या प्रयोगाचे अपयश उद्दिष्टाचे नव्हते, सिद्धतेचे होते.

तौलनिक निरीक्षण

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. पाकिस्तानी इतिहासकार के. के. अझीझ यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात तेथील ६६ पाठ्यपुस्तकांची तपासणी करून इतिहासाची हत्या होत असल्याचा निष्कर्ष काढला. कृष्ण कुमार यांनी २००१ मधील ‘प्रेजुडिस अँड प्राइड’ या ग्रंथात भारत आणि पाकिस्तान यांच्या शालेय पुस्तकांतील स्वातंत्र्यलढ्याच्या कथनांची तुलना केली. एकाच लढ्यातील घटनांची निवड दोन देश किती भिन्न रीतीने करतात, हे त्यांनी दाखवून दिले. जपानमध्ये इतिहासकार साबुरो इएनागा यांनी पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीविरुद्ध १९६५ मध्ये पहिला दावा दाखल केला. १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने युनिट ७३१ या लष्करी तुकडीविषयीचा मजकूर काढायला लावणे बेकायदेशीर ठरवले. तोपर्यंत बत्तीस वर्षे उलटली होती. याउलट तीन मोठी युद्धे लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनी यांनी २००६ मध्ये दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांसाठी संयुक्त इतिहासाचे पुस्तक काढले. जेथे मतभेद आहेत तेथे ते लपवण्याऐवजी दोन्ही दृष्टिकोन मांडण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. बंगाल आणि महाराष्ट्र यांच्यातील अंतर फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातील अंतराहून निश्चितच कमी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पाठ्यपुस्तकांतील विपर्यास हा प्राधान्याने असत्याचा नसून रचनेचा आहे. तो एका विचारसरणीपुरता मर्यादित नाही, जरी प्रत्येक काळातील वगळणुकीची दिशा निराळी आणि तिचे परिणामही कमीअधिक असले. चुकांच्या याद्या करणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, कारण सर्व चुका दुरुस्त केलेले पुस्तकही पुराव्याविना निकाल सांगणारे पुस्तकच राहते.

उपाय मोठे खर्चिक नाहीत. प्रत्येक प्रकरणात किमान एक मूळ साधन, सुबोध मराठी रूपांतरासह, द्यावे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न अनिवार्य असावा. जेथे दोन प्रांतांच्या किंवा दोन समूहांच्या स्मृती भिन्न आहेत तेथे दोन्हींना स्थान असावे. प्रत्येक नव्या आवृत्तीत कोणते वाक्य बदलले आणि का बदलले, याची संपूर्ण यादी पुस्तकाच्याच शेवटी छापावी. बदल करण्याचा अधिकार शासनाला असू शकतो, मात्र कारण न देता बदल करण्याची मुभा असू नये.

या प्रश्नाशी महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध दुरून नाही. विद्यापीठीय अभ्यास मंडळांवर, शिक्षणशास्त्राच्या वर्गांत आणि पाठ्यपुस्तकांच्या विषय समित्यांवर तेच असतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा विद्यार्थी दहा वर्षे इतिहास शिकून आलेला असतो. त्याच्याजवळ ठाम मते असतात, पण मत तपासण्याची रीत नसते. भ्रमणध्वनीवर येणारा एखादा निनावी ऐतिहासिक संदेश त्याला खरा वाटतो, याचे एक कारण असे की त्या संदेशाची घडण त्याच्या पाठ्यपुस्तकासारखीच असते : निकाल आहे, पुरावा नाही, सांगणारा मात्र निःशंक आहे. हा सारखेपणा जोपर्यंत कायम आहे तोपर्यंत पुस्तकातील राजवंश किती वेळा बदलले, याने त्याच्या आकलनात फरक पडणार नाही. जेधे शकावलीतील एक ओळ वाचून, ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी मात्र पुढच्या पुस्तकालाही आणि पुढच्या संदेशालाही तोच प्रश्न विचारू शकेल.